विज्ञानपटांवरील हेरपटांचे ऋण : 'मिस्टर इंडिया' आणि 'टेनेट' यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विज्ञानकल्पनेवर आधारलेले भव्यपट आज केवळ महानगरी प्रेक्षकांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. शेंद्रा औद्योगिक वसाहतीलगतच्या करमाडसारख्या गावात शिकणारा विद्यार्थीही हे चित्रपट हिंदी ध्वनीसह मोबाईलच्या पडद्यावर पाहतो. विज्ञान म्हणजे काय, शास्त्रज्ञ कसा असतो, शोध कसा लागतो, यांविषयीची त्याची प्रतिमा पाठ्यपुस्तकाइतकीच या चित्रपटांतूनही घडत असते. म्हणूनच या चित्रपटांच्या कथा कोठून येतात हा प्रश्न केवळ चित्रपटरसिकांचा नसून अध्यापकांचाही आहे.

या चित्रपटांकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांतील यंत्रे, ग्रह आणि काळप्रवास विज्ञानकल्पनेतून आलेले असले, तरी कथेचा सांगाडा बहुधा हेरपटाचा असतो. कोणीतरी काहीतरी लपविलेले असते, कोणीतरी ते चोरू पाहतो आणि एक धाडसी व्यक्ती घड्याळाच्या काट्याशी शर्यत करीत ते वाचविते. प्रस्तुत लेखात या उसनवारीचे स्वरूप, तिची कारणे आणि तिची किंमत यांचा विचार केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी 'विज्ञानपट' व 'हेरपट' या संज्ञा योजल्या आहेत.

उद्दिष्टे

१) विज्ञानपट व हेरपट यांतील देवाणघेवाणीचा थोडक्यात इतिहास मांडणे.
२) या उसनवारीची प्रमुख अंगे स्पष्ट करणे.
३) मुंबईशी संबंधित दोन चित्रपटांच्या आधारे तिचे स्वरूप तपासणे.
४) या उसनवारीमुळे विज्ञानाची कोणती प्रतिमा निर्माण होते याचा शोध घेणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हे दोन चित्रप्रकार एकमेकांचे शेजारी आहेत, ही बाब मूकपटांच्या काळापासूनच दिसून येते. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' हा विज्ञानपट १९२७ साली प्रदर्शित झाला आणि लगेच १९२८ साली त्यांचा 'श्पिओने' अर्थात 'हेर' हा चित्रपट आला. दोन्हींच्या लेखनात थेआ फॉन हार्बू यांचा सहभाग होता. 'मेट्रोपोलिस'मधील विक्षिप्त शास्त्रज्ञ रोटवांग आणि 'श्पिओने'मधील हेरजाळ्याचा सूत्रधार हागी या दोन्ही भूमिका रुडॉल्फ क्लाइन-रोगे या एकाच नटाने केल्या. 'श्पिओने'चा नायक नावापेक्षा ३२६ या क्रमांकाने ओळखला जातो. शून्य शून्य सात या क्रमांकाचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

लांग यांचाच १९२९ सालचा 'फ्राउ इम मोंड' हा चंद्रप्रवासावरील चित्रपट तर दोन्ही प्रकारांचा संगमच होय. रॉकेटशास्त्रज्ञ हेरमान ओबर्थ यांचा सल्ला घेऊन केलेल्या या चित्रपटात चंद्रावरील सोन्यावर डोळा असलेल्या धनिकांचा हस्तक आधी संशोधनाची कागदपत्रे चोरतो आणि मग यानात शिरकाव करतो. उड्डाणापूर्वीची उलटी मोजणी याच चित्रपटाने लोकप्रिय केली. पुढे ही उलटी मोजणी हेरपटांनी उचलली. 'गोल्डफिंगर' (१९६४) या चित्रपटात अणुस्फोटकाचे घड्याळ नेमके ००७ या आकड्यावर थांबते, तेव्हा विज्ञानपटाची ती जुनी ठेव हेरपटाच्या खात्यावर जमा झालेली असते. तात्पर्य, हे ऋण एकतर्फी नाही.

हेरपटांनीही आपले रहस्य प्रयोगशाळेतूनच आणले. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'द थर्टी नाइन स्टेप्स' (१९३५) मध्ये ज्या गुपितासाठी सारी धावपळ चालते, ते विमानाच्या नीरव इंजिनाचे सूत्र असते आणि ते स्मरणशक्तीचे प्रयोग करणाऱ्या एका कलावंताच्या डोक्यात साठविलेले असते. 'नोटोरियस' (१९४६) मध्ये मद्याच्या बाटल्यांत युरेनियमचे खनिज दडविलेले असते. ज्या वस्तूमागे सर्व पात्रे धावतात, परंतु जिच्या आतील तपशिलाशी प्रेक्षकाला फारसे कर्तव्य नसते, अशा वस्तूसाठी हिचकॉक 'मॅकगफिन' हा शब्द वापरीत. पुढील विवेचनात ही कल्पना महत्त्वाची ठरते.

१९६२ साली आलेल्या 'डॉक्टर नो' पासून जेम्स बाँडची चित्रमालिका सुरू झाली. त्यातील खलनायक बेटावर अणुभट्टी चालवून अमेरिकी अग्निबाणांच्या उड्डाणात व्यत्यय आणतो. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७) मध्ये एक यान दुसऱ्या यानाला अंतराळात गिळते आणि जपानमधील ज्वालामुखीच्या पोटात खलनायकाचा तळ असतो. केन अ‍ॅडम यांनी उभारलेल्या या भव्य नेपथ्याने 'खलनायकाचा अड्डा' या कल्पनेला जगभर एक ठरीव रूप दिले. पुढे 'स्टार वॉर्स' (१९७७) च्या यशामुळे बाँडच्या निर्मात्यांनी आधी जाहीर केलेला चित्रपट मागे ठेवून अंतराळात घडणारा 'मूनरेकर' (१९७९) पुढे आणला.

त्याच 'स्टार वॉर्स'ची कथा मात्र हेरकथेवर उभी आहे. शत्रूच्या महाकाय तळाचे आराखडे चोरले जातात, ते एका यंत्रमानवाच्या पोटात लपविले जातात आणि त्यांतील एका उणिवेमुळे तळ नष्ट होतो. हे आराखडे कसे चोरले गेले, एवढ्याच विषयावर २०१६ साली 'रोग वन' हा स्वतंत्र चित्रपट निघाला आणि त्याचा एक नायक बंडखोरांचा गुप्तचर अधिकारीच आहे. 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर' (२०१४) मध्ये रॉबर्ट रेडफर्ड यांना घेण्यात आले, ते 'थ्री डेज ऑफ द काँडॉर' (१९७५) या त्यांच्या हेरपटाची आठवण जागविणारे होते. 'इन्सेप्शन' (२०१०) मधील बर्फाळ किल्ल्यावरील चढाईमागे 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' (१९६९) या बाँडपटाचा प्रभाव असल्याचे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी स्वतः मान्य केले आहे.

उसनवारीची प्रमुख अंगे

वरील उदाहरणांवरून या उसनवारीची चार अंगे सांगता येतील.

पहिले अंग म्हणजे चोरता येण्याजोगे गुपित. विज्ञानातील कल्पना अमूर्त असते, ती पडद्यावर दाखविणे कठीण. तिला सूत्राचे, आराखड्याचे किंवा यंत्राचे रूप दिले की ती खिशात मावते, हरवते, सापडते.

दुसरे अंग म्हणजे अड्डा. मोठी यंत्रे, गणवेशधारी सेवक आणि मध्यभागी आसनस्थ खलनायक अशी ही जागा प्रेक्षकाला विज्ञानाचे सामर्थ्य एका दृष्टिक्षेपात दाखविते आणि शेवटी तिचा स्फोट करता येतो.

तिसरे अंग म्हणजे वेशांतर. हेर मुखवटा चढवितो, विज्ञानपटातील नायक अदृश्य होतो, रूप बदलतो किंवा दुसऱ्याच्या स्वप्नात शिरतो. हेतू एकच, ओळख लपवून शत्रूच्या घरात प्रवेश करणे.

चौथे अंग म्हणजे मुदत. उलट्या मोजणीमुळे गुंतागुंतीच्या प्रश्नाचे रूपांतर 'वेळेत पोहोचणार की नाही' अशा सोप्या प्रश्नात होते.

या चारही अंगांचा उपयोग एकच आहे. सर्वसामान्य प्रेक्षकाला विज्ञान समजले नाही तरी कथा समजावी, ही सोय हेरपट करून देतो. दोनशे कोटींचा चित्रपट काढणाऱ्या निर्मात्याला ही सोय मोलाची वाटते, यात नवल नाही.

'मिस्टर इंडिया' : अदृश्यतेचे देशी रूप

हिंदी चित्रपटाने बाँडपटांचे अनुकरण साठच्या दशकातच सुरू केले होते. 'फर्ज' (१९६७) मधील एजंट ११६ हे त्याचे लोकप्रिय उदाहरण होय. 'शान' (१९८०) मधील टक्कल केलेला आणि बेटावर राहणारा शाकाल हा बाँडपटांतील ब्लोफेल्डचा उघड वारस होता. 'शान'चे लेखन सलीम-जावेद यांचे होते आणि सात वर्षांनी, २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झालेल्या 'मिस्टर इंडिया'चे लेखनही त्यांचेच. शेखर कपूर दिग्दर्शित या चित्रपटात अमरीश पुरी यांनी साकारलेला मोगॅम्बो शाकालच्याच कुळातील आहे. बेट, गणवेशातील सैनिक, आम्लाचा हौद आणि देशावर रोखलेली क्षेपणास्त्रे असा सर्व सरंजाम त्याच्याकडे आहे.

अदृश्य माणसाची कल्पना एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीपर्यंत मागे जाते. तेथे अदृश्यता हा शास्त्रज्ञाच्या स्वतःच्या अहंकाराचा शाप आहे. 'मिस्टर इंडिया'ने तिला हेराचे साधन बनविले. मनगटावर बांधायचे यंत्र, ते हस्तगत करू पाहणारा शत्रू आणि लाल प्रकाशात उघडे पडण्याची एकमेव मर्यादा ही सर्व रचना हेरपटाची आहे. पीटर परेरा यांनी संगणकाच्या मदतीशिवाय साधलेली दृश्ये आजही थक्क करतात.

तथापि, या चित्रपटाने उसनवारी करताना एक महत्त्वाचा बदल केला. बाँड हा सरकारी नोकर आहे, त्याच्या पाठीशी राज्यसंस्था आहे. अरुण वर्मा हा भाड्याच्या घरात अनाथ मुलांना सांभाळणारा, घरभाडे आणि वाण्याची उधारी यांनी गांजलेला माणूस आहे. त्याला कोणीही कामगिरीवर पाठविलेले नाही. मोगॅम्बोचे दुष्कृत्यही जगाचा नाश करण्याच्या अमूर्त योजनेपासून सुरू होत नाही. धान्याची साठेबाजी, भेसळ आणि गर्दीच्या ठिकाणी ठेवलेले बाँब यांतून ते सामान्य माणसाच्या ताटापर्यंत आणि अंगणापर्यंत पोहोचते. लहानगी टीना बाँबस्फोटात बळी पडते, तेव्हा हेरपटाचा खेळकर सूर थांबतो. अखेरच्या झुंजीत नायक अदृश्यतेचा आधार न घेता, दिसणारा माणूस म्हणूनच मोगॅम्बोला सामोरा जातो. उसनी चौकट देशी अनुभवाने कशी भरावी, याचा हा नमुना होय.

एक गोष्ट मात्र चित्रपटाने तशीच ठेवली. अदृश्यतेचा शोध लावणारे अरुणचे वडील कथेआधीच मारले गेले आहेत. त्यांचे सूत्र कोणत्याही नियतकालिकात छापलेले नाही, कोणत्याही विद्यार्थ्याला शिकविलेले नाही. त्यांचे ज्ञान म्हणजे एक वस्तू आहे आणि ती मुलाला वारसाहक्काने मिळते.

'टेनेट' : मुंबईतून जाणारा काळप्रवास

नोलन यांच्या 'टेनेट' या चित्रपटाचे काही चित्रीकरण सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाले. करोना साथीमुळे भारतात तो ४ डिसेंबर २०२० रोजी प्रदर्शित झाला. यातील नायक आणि त्याचा साथीदार नील मुंबईतील एका उत्तुंग इमारतीत दोराच्या साहाय्याने उलटे, म्हणजे खालून वर, झेप घेऊन शिरतात. शस्त्रविक्रेत्या संजय सिंगला धमकावताना त्यांना कळते की खरा व्यवहार त्याची पत्नी प्रिया पाहते. ही भूमिका डिंपल कपाडिया यांनी केली आहे. पतीच्या नावाआड दडलेली सूत्रधार हे हेरपटातील वेशांतराचे एक सुरेख रूप आहे.

'टेनेट'मध्ये हेरपटाची सर्व लक्षणे आहेत : नाट्यगृहावरील हल्ला, श्रीमंत रशियन खलनायक, त्याची दुःखी पत्नी, आलिशान नौका, एकामागून एक बदलणारी शहरे. त्यात विज्ञानकल्पना एवढीच की काही वस्तू व माणसे काळाच्या उलट दिशेने प्रवास करतात. चित्रपटाच्या सुरुवातीस एक शास्त्रज्ञ नायकाला बंदुकीची उलटी गोळी दाखविते आणि ही गोष्ट बुद्धीने समजून घेण्याचा प्रयत्न करू नये, तिची अनुभूती घ्यावी, असे सुचविते. वास्तविक हे वाक्य प्रेक्षकाला उद्देशून आहे. विज्ञान समजून घेण्याची गरज नाही, हेरकथा पुढे नेईल, असे आश्वासनच त्यातून मिळते.

या चित्रपटातील मॅकगफिन म्हणजे भविष्यातील एका शास्त्रज्ञ स्त्रीने शोधलेली आणि नऊ भागांत विभागून भूतकाळात दडविलेली एक यंत्ररचना. आपल्या शोधाचा धोका ओळखून ती आत्महत्या करते. प्रिया तिची तुलना ओपेनहायमर यांच्याशी करते. येथेही शास्त्रज्ञ मृत आहे आणि ज्ञान पुरलेले आहे. 'मिस्टर इंडिया' आणि 'टेनेट' यांत तेहतीस वर्षांचे व खर्चाचे प्रचंड अंतर असूनही या एका बाबतीत ते सख्खे भाऊ ठरतात.

उसनवारीची किंमत

हेरपटाची चौकट स्वीकारली की विज्ञानाचे स्वरूप बदलते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. विज्ञान हे स्वभावतः सार्वजनिक आहे. ते प्रसिद्ध होते, तपासले जाते, चुकते, सुधारले जाते आणि पुष्कळ माणसांच्या श्रमातून वाढते. हेरपटात मात्र ज्ञान हे एकाच प्रतीतील गुपित असते, त्याचा एकच मालक असतो आणि ते हातात आले की लगेच वापरता येते. ही चौकट उसनी घेणाऱ्या विज्ञानपटात शास्त्रज्ञाला बळी, वेडा किंवा गद्दार याहून वेगळी भूमिका सहसा उरत नाही.

विज्ञानात खरी गुपिते असतात, हे नाकारता येणार नाही. ब्रिटनमध्ये १९५० साली शिक्षा झालेले भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स यांनी अणुबाँबविषयीची माहिती सोव्हिएत संघाला दिली होती. परंतु अणुबाँबच्या सर्वसाधारण शास्त्राचा अहवाल अमेरिकेने ऑगस्ट १९४५ मध्येच प्रसिद्ध केला होता. सोव्हिएत संघाला माहिती मिळूनही ऑगस्ट १९४९ पर्यंत खाणी, भट्ट्या, कारखाने आणि हजारो माणसे यांवर अवलंबून राहावे लागले. कागद चोरता येतो, परंतु त्यामागील कारखाना आणि कौशल्य चोरता येत नाही.

भारतातील एका प्रकरणात या भेदाचे विस्मरण फार महागात पडले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेतील क्रायोजेनिक प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ३० नोव्हेंबर १९९४ रोजी केरळ पोलिसांनी हेरगिरीच्या आरोपावरून अटक केली. अग्निबाणाच्या इंजिनाची गुपिते परदेशी पोहोचविल्याचा आरोप होता. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ साली आरोपांत तथ्य नसल्याचा अहवाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांची अटक अनावश्यक ठरवून ५० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि २०१९ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. लक्षणीय बाब अशी की, १९९४ मध्ये भारताकडे स्वतःचे सिद्ध झालेले क्रायोजेनिक इंजिन नव्हतेच. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे यशस्वी उड्डाण व्हायला ५ जानेवारी २०१४ हा दिवस उजाडावा लागला. जे अजून घडायचे होते, ते चोरीस गेल्याची कथा मात्र वृत्तपत्रांतून महिनोन्‌महिने रंगली.

हे चित्रपटांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि, परदेशी स्त्री, कागदांची पुडकी आणि फितूर शास्त्रज्ञ हा मसाला वाचकांना इतका ओळखीचा होता की, इंजिन चोरता येते का, हा साधा प्रश्न विचारण्यापूर्वीच कथेवर विश्वास बसला. अशी ओळख निर्माण करण्यात पडद्याचा वाटा किती, याचा विचार अध्यापकांनी अवश्य करावा.

दुसरी वाट

विज्ञानपटाने हेरपटाचीच वाट धरली पाहिजे असे नाही. याचे एक बोलके उदाहरण पोर्तो रिको येथील अरेसिबो दुर्बिणीचे आहे. 'गोल्डनआय' (१९९५) या बाँडपटात ही दुर्बीण तळ्याखाली लपविलेला खलनायकाचा अड्डा म्हणून दिसते. अवघ्या दोन वर्षांनी आलेल्या 'कॉन्टॅक्ट' (१९९७) मध्ये तीच दुर्बीण दुर्बीण म्हणूनच दिसते आणि तिच्या साहाय्याने एक स्त्री शास्त्रज्ञ परग्रहावरील संदेशाची चिकाटीने वाट पाहते. त्या चित्रपटातील संदेश जगभरच्या वेधशाळा मिळून ऐकतात. १ डिसेंबर २०२० रोजी ही दुर्बीण कोसळली, तेव्हा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी हळहळ व्यक्त केली ती दुसऱ्या रूपाविषयी.

महाराष्ट्रात अशी जागा नारायणगावजवळ खोडद येथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही महाकाय रेडिओ दुर्बीण दुरून पाहिल्यास एखाद्या बाँडपटाचे नेपथ्यच वाटावी. प्रत्यक्षात जगभरातील संशोधक तेथे प्रस्ताव पाठवून निरीक्षणाचा वेळ मिळवितात आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने शाळकरी मुलांसाठी तिचे दरवाजे उघडले जातात. अड्ड्याची भव्यता आणि विज्ञानाचा खुलेपणा एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

मराठी वाचनसंस्कृतीतही या दोन वाटा स्वतंत्र राहिल्या. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी भाड्याच्या वाचनालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडविले. दुसरीकडे, डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि ती पहिली आली. टोपणनाव घेणे हा तसा हेराचाच डाव. परंतु नामवंत शास्त्रज्ञाच्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागील हेतू पूर्णतः विज्ञानाच्या रीतीचा होता.

समारोप

विज्ञानपटांनी हेरपटांकडून घेतलेले ऋण जुने, परस्परांचे आणि कलात्मकदृष्ट्या फलदायी आहे. त्यामुळे अवघड कल्पना लोकांपर्यंत पोहोचल्या, हे मान्य करावे लागेल. 'मिस्टर इंडिया'सारखा चित्रपट ही उसनी चौकट सामान्य माणसाच्या बाजूनेही वळवू शकतो. तथापि, या चौकटीबरोबर 'ज्ञान म्हणजे चोरता येणारी वस्तू' ही समजूत नकळत येते आणि ती चित्रपटगृहाबाहेरही टिकते.

अध्यापकांनी विद्यार्थ्यांना हे चित्रपट पाहू नका असे सांगण्याची आवश्यकता नाही. चित्रपट पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत : यातील शोध कोणी तपासला? तो किती माणसांच्या श्रमातून उभा राहिला? शास्त्रज्ञ जिवंत असता तर त्याने तो कोणाला शिकविला असता? या प्रश्नांची उत्तरे शोधणारा विद्यार्थी चित्रपटाचा आनंद गमावणार नाही. उद्या एखाद्या शास्त्रज्ञावर गुपित विकल्याचा आरोप वृत्तपत्रात वाचताना मात्र तो क्षणभर थांबेल आणि पुरावा मागेल.